राहून गेलेलं 'म्हणे'

क्लेवेर मैदानात अनवाणी उभा होता. शेजारी ओढ्याच्या पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप, आणि पिंपावर अंगाची आग करणाऱ्या पाल्याची जुडी. वरचं पठार पेटवल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्या पठाराच्या गवतातूनच गावाचं पाणी झिरपतं, आणि आता अर्धं गवत काळं पडलं होतं. गुन्हा शाबित झाला तर आधी गार पाणी, मग पाला, मग गावाबाहेर.

तोआला शंकाच नव्हती. राजधानी कीतोहून मानेवर विंचू गोंदवून आलेला, दिवसभर सिगरेटी फुंकणारा हा पोरगा. आणखी कोण असणार? मोठ्यांच्या सभेत बसायला तिला यंदाच मिळालं होतं, आणि ती मैत्रिणीला कोपराने ढोसत मजेत ऐकत होती.

एकेक जण उठून सांगत होता. क्लेवेर दुपारी वर गेला होता म्हणे. खिशात लायटर होता म्हणे. धापा टाकत खाली आला म्हणे.

सभेची प्रमुख ओर्तेन्सिया लोकर कातता कातता वैतागली. "सगळ्यांचं आपलं म्हणेच. डोळे काय घरी ठेवून आलात?"

लोक हसले. पण करणार काय, गावची किचुआ भाषा बोलायची तर ऐकलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगताच येत नाही. शेवटी 'म्हणे' लागतंच. बोबडं पोरसुद्धा ते विसरत नाही. कुणीतरी सुचवलं, प्रकरण सरळ शहरातल्या पोलिसांकडे देऊन टाकू. त्यावर मागून एक म्हातारी म्हणाली, "दे की. साहेब स्पॅनिशमध्ये लिहून घेईल. त्यात पाहिलेलं नि ऐकलेलं, सगळं एकाच पोत्यात."

मग तोआचे बाबा उठले. मेल्चोर सभेत सहसा तोंड उघडत नसत. आज मात्र क्लेवेरला अजिबात सोडू नका म्हणाले, आणि नुकसान कसं झालं ते सांगू लागले.

"आग आधी खालच्या घळीत लागली. वीतभरच होती. मग वारा फिरला, आणि ती झऱ्याकडे धावली."

ते खाली बसले.

तोआचं कोपर हवेतच राहिलं. ती 'म्हणे'ची वाट बघत होती, आणि ते आलंच नव्हतं. गावाला आग दिसली तेव्हा ती झऱ्यापाशी पोचलेली होती. वीतभर असताना कुणी पाहिली?

चुकून राहिलं असेल, तिने स्वतःला समजावलं. पण ते चुकून राहत नाही ना. तिने हळूच इकडेतिकडे पाहिलं. कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. फक्त ओर्तेन्सियाची चाती थांबली होती.

"मेल्चोर, तू कुठे होतास रे तेव्हा?" तिने अगदी सहज विचारलं.

गोठ्यात, बाबा म्हणाले. गाय व्यायला झाली होती, दिवसभर तिच्यापाशीच होतो. "तोआला विचारा हवं तर."

सगळ्या टोप्या तोआकडे वळल्या. ती उभी राहिली.

त्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा गोठ्याला बाहेरून कडी होती. वासरू तिनेच एकटीने ओढून काढलं होतं. बाबा अंधार पडल्यावर आले आणि एवढंच म्हणाले, कुणी विचारलं तर मी गोठ्यात होतो. तिला वाटलं, मक्याची चिचा प्यायला गेले असतील, आईला कळू नये म्हणून सांगताहेत. ती हसलीही होती.

बाबा जमिनीकडे बघत होते. क्लेवेर तिच्याकडे बघत होता. पाण्याचा थेंबही अंगावर पडला नव्हता, तरी त्याचे दात वाजत होते.

"बाबा गोठ्यात होते," तोआ म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. वाक्य तिथेच संपवता आलं असतं. बाबांनी श्वास सोडलाही.

"म्हणे," ती म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. ओर्तेन्सियाने कुणाला काही विचारलं नाही. मानेनेच क्लेवेरला बूट घालायला सांगितलं. त्याला नाडी बांधता येईना.

बाबा उठले आणि पिंपापर्यंत चालत गेले. टोपी काढली. पोंचो डोक्यावरून ओढून काढला, त्याची नीट घडी घातली, मग परत येऊन तो तोआपुढे धरला.

"धर," ते म्हणाले. "भिजेल."