दुपटं

ठमाबाई याही महिन्यात बाजूला बसली नाही.

सकाळीच न्हाऊन ती देवघरात शिरली, दिवा लावला आणि चुलीपुढं बसून भाकरी थापू लागली. गेल्या महिन्यातही तिनं असंच केलं होतं. एरवी तिचं ठरलेलं असायचं. मागच्या पडवीत बारदान टाकून बसायची, पाण्याच्या हंड्यालाही शिवायची नाही. लग्न होऊन वर्षं लोटली, मूलबाळ झालं नाही, पण हा नेम कधी चुकला नव्हता. विटाळाच्या बाबतीत ती सासूपेक्षा कडक. म्हणूनच सासू बानूबाईनं आज देवापुढं साखर ठेवली.

धाकटी जाऊ मुक्ताबाई उंबऱ्यात बसून हे पाहत होती. तिला पाचवा लागला होता. पोट दिसू लागलं होतं, आणि डाव्या छातीतली गाठ आता लुगड्यावरूनही हाताला लागत होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. कॅन्सर आहे. छाती काढावी लागेल, वर लाइटचा शेक द्यावा लागेल, आणि त्याआधी पोट रिकामं करावं लागेल. उशीर केलात तर बाई हातची जाईल. ते ऐकून तिचा नवरा जोतीराम भिंतीला टेकला. मुक्ता मात्र सरळ म्हणाली, "न्हाय जमायचं. हे पोर माझं न्हाय."

डॉक्टर चक्रावले. जोतीरामला ठाऊक होतं. दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच, गाठीचा पत्ताही नव्हता तेव्हा, तिनं घरच्या देवापुढं नारळ ठेवून हे पोर ठमाबाईच्या ओटीत घातलं होतं. पोटात असतानाच. त्या दिवसापासून बानूबाईनं थोरल्या लेकासाठी दुसरी बायको बघणं थांबवलं. आणि ठमाबाई? तिचं तर रूपच पालटलं. जुनी मऊ लुगडी फाडून ती दुपटं शिवायला बसली. टाके घालताना स्वतःशीच हसायची.

मुक्ता पुण्याहून आली आणि दुपटं थांबलं. अर्धं शिवलेलं ते खुंटीला लटकत राहिलं, सुई तशीच टोचलेली.

सगळ्यांनी मुक्ताला समजावून पाहिलं. जोतीराम पाया पडला, रुसला, शेवटी बोलेनासाच झाला. उसाला पाणी द्यायला जायचा आणि पाटावर नुसता बसून राहायचा. पाणी भलत्याच सरीत जायचं. लहानगी रतन आईचा पदर सोडेना. मुक्ताचं उत्तर एकच, "देवाम्होरं दिलेलं परत घ्याचा मला हक न्हाय." असल्या हट्टापुढं कुणी काय करावं? कळंबच्या त्या घरात हसणं-बोलणंच बंद झालं होतं.

भाकरी झाल्यावर ठमाबाई तिच्याजवळ येऊन बसली.

"मुक्ते, मला दिवस गेल्यात. आता तुझं पोर मला नगं. मी सोडलं तुला. जा, पुण्याला जा."

मुक्ता तिच्या गळ्यात पडून रडली. तिला काही मरायची हौस नव्हती. रतनची वेणी घालायची होती, रतनचं लगीन बघायचं होतं.

जोतीरामनं ऐकलं आणि धावत जाऊन बैल जुंपले. बैलगाडीनं बारामती, तिथून रेल्वेनं पुणं. किती दिवसांनी त्यानं बैलांना मोठ्यानं हाक मारली.

मुक्ता वाळत घातलेलं लुगडं आणायला गोठ्यामागं गेली. कुंपणावर तिच्या लुगड्याशेजारी ठमाबाईचं लुगडं होतं. ओढताना तेही घसरलं. त्याखाली कापडाच्या पट्ट्या वाळत होत्या. धुतलेल्या, पण डाग पुरते न गेलेल्या. ती कापडं कशाची, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. बायका ती अशीच झाकून वाळवतात. सासूचं ते वय केव्हाच सरलं होतं. उरली एकटी ठमाबाई.

मुक्ता कुंपण धरून उभी राहिली. हंड्यालाही न शिवणारी ही बाई अशा अंगानं देवाला शिवली होती. तिच्या लेखी याहून मोठं पाप नव्हतं. ते तिनं मुक्तासाठी केलं होतं. उद्या हे खोटं उघडं पडलं की या घरात सवत येणार, हे काय तिला कळत नव्हतं? आपल्यामागं रतनला ही मोठी आई होती. ठमाबाईला कोण होतं?

तिनं ते लुगडं पट्ट्यांवर पुन्हा नीट पसरलं. अंगणात येऊन ती जोतीरामला म्हणाली, "बैल सोडा."

जोतीरामच्या हातातून कासरा गळला. तो तिथंच मातीत बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. रतनला एवढंच कळलं की आई आता कुठं जात नाही. ती टाळ्या पिटत अंगणभर नाचली.

मुक्ता आत गेली. खुंटीवरचं दुपटं काढून तिनं चुलीपुढं बसलेल्या ठमाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"एवढं पुरं करा, अक्का. तुमचं लेकरू थंडीत यायचंय. आन रतनचं अंथरूणबी आजपास्नं तुमच्याजवळच घाला."