घाई करू नको म्हणावं

चौथा गोल बसला तेव्हा कुलूपवाल्याला घाम फुटला. टीव्हीतले प्रेक्षक बेभान ओरडत होते, आणि ओरडत होते समोरच्या संघासाठी. बंद दाराबाहेर बायको ऐकत बसली होती.

मुलगा गेल्यावर कुलूपवाल्याने दुकान उघडलंच नव्हतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. शेवटी बायकोने मागे लागून त्याला मुलाची खोली झाडायला लावली. धूळ पुसताना फुटबॉलचा गेम चुकून सुरू झाला. तो तसाच ठेवून, केर टाकायला कुलूपवाला खोलीच्या मागच्या दाराने बाहेर पडला आणि पुढच्या दाराने घरात आला, तर बायको खोलीच्या दाराला तळवा टेकवून उभी.

"आत तो खेळतोय," ती म्हणाली. "ऐकलं मी."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. खरं सांगायचं कुलूपवाल्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच विरलं.

मग ते रोजचंच झालं. "दुकानात जातो" म्हणून तो सकाळी निघायचा. निघालोच आहोत तर म्हणून दुकान उघडायचा. दुपारी मागच्या दाराने चोरासारखा खोलीत शिरायचा. कुलूप वाजू नये म्हणून त्याने त्यात तेल सोडलं होतं. आवाज मात्र मोठा ठेवायचा. बायकोची उमर गिरणीत मागांवर गेली होती आणि त्या खडखडाटाने तिचे कान नेले होते. केसांआड ऐकायचं यंत्र लावलं तरी तिला कमीच ऐकू येई. गिरणीतल्या बायका ओठांवरून बोलणं ओळखत. तिची ती खोड अजून गेली नव्हती. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची.

चार गोल खाल्ले त्या संध्याकाळी तो पुढच्या दाराने घरी आला. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"आज हरला," ती म्हणाली आणि ताट बाजूला सारलं.

"दोन घास तरी खा."

"नको. अहो, त्याला म्हणावं, बचावात नेहमीसारखी घाई करू नको. उद्या जिंकेल."

सांगणार कुणाला, कपाळ! कुलूपवाला रात्रभर तळमळला. ही अशीच उपाशी राहिली तर हीसुद्धा हातची जाईल.

दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला बसला. गोल करायच्या चाली त्याला जमत होत्या. कोपऱ्यातून आखूड पास, मग उलटा पास, मग फटका. पण चेंडू समोरच्याकडे गेला की त्याचा धीर सुटे. बचावाचा गडी घेऊन तो बैलासारखा अंगावर धावून जाई, आणि मागे मैदान मोकळं. हळूहळू उमगलं, की हेही कुलपासारखंच आहे. जोर लावला की बिघडतं. गडी चेंडू आणि गोल यांच्यामध्ये उभा करायचा, बटण नुसतं दाबून धरायचं, मागे मागे सरकायचं. समोरचा चुकेपर्यंत थांबायचं.

तो थांबायला शिकला. संध्याकाळी घरी आला की ती त्याच्याकडे बघून म्हणे, "जिंकला ना? ऐकलं मी." आणि दोघं जेवत. कधीकधी त्यालाही वाटे, बटणांवरची बोटं आपली नाहीत. त्याने अंगावर काटा येई आणि बरंही वाटे. दुकानात गिऱ्हाइकं परत यायला लागली होती.

एका दुपारी कंट्रोलरचे सेल संपले. टीव्ही लावण्याआधी कुलूपवाला मुलाच्या कपाटात सेल शोधू लागला. खेळाच्या मोज्यांच्या जोडीत काहीतरी कडक लागलं. उलगडून पाहिलं, तर बायकोचं ऐकायचं यंत्र. आतला सेल फुटून हिरवा झाला होता. यंत्राच्या दोरीला अजून दवाखान्याची चिठ्ठी बांधलेली होती, मुलाच्या नावाची, त्याच्या शेवटच्या दिवसाची. तेव्हापासून तिने ते कानाला लावलंच नव्हतं.

तो मुलाच्या पलंगावर बसून राहिला. टीव्ही त्या दुपारी लागलाच नाही.

संध्याकाळी त्याने नळावर तोंड धुतलं, पुढचं दार उघडलं आणि हसत घरात आला. बायकोने टक लावून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"ऐकलं मी," ती ताटं मांडत म्हणाली. "आज जिंकला."