रिकामी खाच

बापानं कंट्रोल पॅनेलचं दार उघडलं आणि बॅटरी मुलीच्या हातात दिली.

“धर. हलवू नकोस.”

तिनं उजेड आत पाडला. शीतगृहात अमोनियाचा वास अजून रेंगाळत होता. काल दुपारी गळती झाली, भोंगा वाजला नाही, आणि तळघरात पाइप जोडत बसलेला फिटर, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो वर आलाच नाही. चौकशीचे साहेब खाली पोचले होते. त्यांचं बोलणं जिन्यातून ऐकू येत होतं.

पॅनेलमध्ये सर्किटची कार्डं ओळीनं उभी होती. मधली एक खाच रिकामी. भोंग्याचं कार्ड अगदी शेवटी.

“सांग बघू, यातलं कुठलं कार्ड कधी बोलतं?” बापानं विचारलं. दोघंही इथलेच तंत्रज्ञ, पण तिला हे सगळं त्यानंच शिकवलं होतं, लहानपणी, शेजारची पोरं कार्डांसारखी ओळीत बसवून.

“बाबा, आत्ता?”

“आत्ताच.”

“सगळ्यांना बोलायला वाट एकच,” ती पुटपुटली. “म्हणून एका वेळी एकानंच बोलायचं. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करायचा.”

“मग?”

“मग परवानगी पहिल्यापासून निघते. ज्याला नको असेल तो शेजाऱ्याकडे सरकवतो. अशी हातोहात, शेवटच्यापर्यंत.”

“आणि शेजारी गैरहजर असला तर?”

“तर त्याच्या जागी जंपर...”

बॅटरीचा उजेड रिकाम्या खाचेवर थांबला. तिथलं कार्ड परवा तिनंच दुरुस्तीला काढलं होतं. खाचेमागच्या दोन पिना उघड्याच होत्या. त्यांच्यावर परवानगी पुढं नेणारी जंपरची नखाएवढी टोपी चढवायची राहून गेली होती.

“म्हणजे भोंग्याचं कार्ड काल...”

“हात वर करून बसलं होतं,” बाप म्हणाला. “परवानगी इथंच अडली.”



“पैलवान मला चिडवायचा,” ती म्हणाली. “म्हणायचा, ताई, तुझा भोंगा आहे म्हणून तर मी खाली बिनघोर घोरतो.”

बापानं खिशातून जंपर काढला. बोटं पिनांजवळ नेली. “चढवून टाकतो. कुणाला काही कळायचं नाही.”

“आणि त्याच्या बायकोला काय सांगतील? भोंगा ठीकच आहे, तुझाच माणूस झोपला होता?”

बापाची बोटं तिथंच थांबली. जंपर परत खिशात गेला.

“बरं. मग कार्ड मी काढलं. माझी नोकरी राहिलीय किती! तू तोंड उघडायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला.”

जिन्यावर बूट वाजले. साहेब आत आले, वाकून पॅनेलमध्ये पाहिलं, रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं.

“इथलं कार्ड कुणी काढलं?”

“मी,” बाप म्हणाला.

“मी,” मुलगी म्हणाली. त्याच क्षणी.

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“असं नाही चालणार. एका वेळी एकानं बोला.”

बाप घाईनं पुढं सरकला. मुलीनं बॅटरी खाली ठेवली आणि हात वर केला.