आखणी

"डोळे कुठायत?" मंडळाचे अध्यक्ष कारखान्यात शिरताच ओरडले. बाहेर ट्रॉली सजून उभी होती, ढोलवाले खोळंबले होते.

आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक गणपतीचे डोळे माझे आजोबा आखायचे. आई गेल्यावर आबांनीच मला वाढवलं. शाळेत जाताना माझ्या वेण्या घालायचे आणि संध्याकाळी त्याच बोटांनी माझी मूठ धरून उंदराचे डोळे आखायला शिकवायचे. "आधी उंदीर जमू दे, मग देव," म्हणायचे.

गेल्या महिन्यात अध्यक्षांच्या जीपने आबांना भर बाजारात उडवलं; आबा जागीच गेले. जीपमध्ये मंडळाचीच पोरं बसली होती. पोलिसांपुढे प्रत्येकाने तेच सांगितलं, "आम्ही काही पाहिलं नाही."

आबांचा हात आता फक्त माझ्याकडे आहे, हे अध्यक्षांना ठाऊक होतं. बाबा माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "आख गं बाय. मोठी माणसं आहेत. उद्या सकाळी प्रतिष्ठापना आहे त्यांची."

मी आबांचा कुंचला घेतला. मूर्तीच्या पायाशी बसले आणि उंदराचे दोन्ही डोळे आखले, आबा आखायचे तसेच, टक्क उघडे. मग कुंचला धुऊन ठेवून दिला.

"आणि बाप्पाचे?" अध्यक्षांचा आवाज एकदम खाली आला.

"बाप्पाने काही पाहिलं नाही, साहेब. तुमच्याच मंडळाचा आहे तो. न्या वाजतगाजत."

मी उंदराकडे बोट केलं.

"याने मात्र सगळं पाहिलंय."