शेवटचा पत्ता

श्रीरंगने रविवारी हरलेला पोकरचा डाव जेवणाच्या टेबलावर पुन्हा मांडला. हातात दोन राजे होते म्हणून त्याने पैशांच्या सगळ्या चकत्या पुढे सरकवून सगळं पणाला लावलं होतं. समोरच्याकडे दोन राण्या, आणि शेवटच्या पत्त्याला तिसरी राणी उतरली. तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. वर्षभर व्हिडिओ बघून, एकेक डाव उसवून त्याने खेळ सुधारला होता, पण या डावानंतर जिवाला चैन नव्हती.

"एवढं चुकलं काय तुझं?" समोर मटार सोलत बसलेल्या बायकोने, हेमांगीने विचारलं.

"चुकलं नाही, हेच तर डाचतंय. असा हात दहापैकी आठ वेळा जिंकतो. निकालावरून डाव जोखायचा नसतो. पत्ता उघडण्याआधी आपल्याला काय माहीत होतं, तेवढंच बघायचं."

हेमांगीचे हात थांबले.

"माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळीही डॉक्टर म्हणाले होते, दहापैकी आठ जण वाचतात," ती म्हणाली. "सही मी केली होती."

श्रीरंगला ते दिवस आठवले. आईंना स्मशानात पोचवून परतताना गाडीत त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, "तरी मला वाटतच होतं, घाई नको." तेव्हापासून ती साधे पडदे निवडतानाही त्याला विचारायची, आणि तो वैतागायचा.

त्याने टेबलावरची ती तिसरी राणी उचलून उलटी ठेवली.

"तू बरोबर खेळली होतीस," तो म्हणाला. "पत्ता उघडल्यावर बोलून चुकलो, तो मी."