दिवसाला एक

“हे शब्द कुणी शोधत नाही, बाबा,” शुभांगी कागद बाजूला ठेवत म्हणाली.

मखमलाबादचे वाळूबाबा पिंगळे समोर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. गंगापूर रोडच्या त्या छोट्या ऑफिसात शुभांगी दुकानदारांसाठी एकच काम करी. लोक मोबाईलवर कोणते शब्द टाकून शोधतात ते काढायचं आणि त्या शब्दांना दुकानाचं इंटरनेटवरचं पान सगळ्यात वर दिसेल असं करायचं. बाबांना मुलाच्या गुलाबाच्या रोपवाटिकेचं पान हवं होतं.

“‘गुलाबाची रोपं नाशिक’ असं शोधणारे पुष्कळ आहेत. तेच शब्द घेऊ.”

“नको. मी लिहिलेत तेच घ्या.”

कागदावर थरथरत्या अक्षरात तीन ओळी होत्या. रोहित वाळू पिंगळे मखमलाबाद. रोहित पिंगळे कुठं हाय. रोहित पिंगळे घरी कधी येणार.

शुभांगीला हसू आलं. “असं कोण विचारतं?”

“विचारतात, ताई.”

तिने आकडा काढून पाहिला. “पहिली ओळ महिन्याला साधारण तीस वेळा. म्हणजे दिवसाला एक. बाकीच्या दोन नाहीतच.”

“बास की. एकाला दिसलं तरी लय झालं.”

तिने ते नाव स्वतः टाकून पाहिलं. सगळ्यात वर एक जुनी बातमी होती. ‘विंचूरजवळ कंटेनर-पिकअपची धडक, मखमलाबादचा रोहित पिंगळे...’ पुढचं मथळ्यात मावलं नव्हतं.

“ती खाली गेली पाहिजे,” बाबा घाईने म्हणाले. “वर आपलं पान.”

शुभांगीने ती उघडली नाही. नको असलेली बातमी खाली ढकलायला येणारी माणसं तिला नवी नव्हती. एक बिल्डर आला होता, एक डॉक्टरही.

“पानावर काय लिहू?”

बाबांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. “रोहित रोपं घेऊन सटाण्याकडं गेलाय. संध्याकाळपर्यंत घरी येईल.”

“तारीख?”

“तारीख नको.”

“फोन नंबर तरी?”

“नंबर कशाला? फोटो टाका. हा, हसतानाचा.”

ते गेल्यावर शेजारच्या टेबलावरचा अमोल म्हणाला, “पोरानं कुणाला तरी उडवलंय. बाप निस्तरतोय बिचारा.”

“बिचारा कसला? ज्यांचं माणूस गेलं असेल त्यांचं काय?” शुभांगी म्हणाली. पण काम तिने नीट केलं. बाबांचे शब्द शीर्षकात घातले, मजकुरात घातले, फोटोखालीही घातले.

बाबा दर सोमवारी पंचवटीच्या बाजारात फुलं देऊन ऑफिसात येत. एकच विचारत, “गेली का खाली?”

“तिसऱ्यावर आलोय, बाबा.”

“तिसरं नाय चालायचं. ती वरचंच वाचती.”

“ती कोण?”

“गिऱ्हाईक,” बाबा म्हणाले आणि उठले.

दीड महिन्याने पान पहिल्या नंबरवर आलं. शुभांगीने कोरडेपणानेच फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बायकोला घेऊन आले. कलाबाईंच्या हातात मोबाईल होता. शुभांगीला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

“रोहितच्या वर्गात होतीस का गं तू?”

“नाही, आजी.”

कलाबाई खुर्चीत टेकल्या, पदर सारखा केला, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. “रोहितच्या वर्गात होतीस का गं?”

शुभांगीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नुसता हात हलवला.

कलाबाईंनी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि सवयीने म्हणाल्या, “रोहित वाळू पिंगळे मखमलाबाद.”

बाबांचं टोपीवरचं बोट थांबलं. कलाबाईंनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं आणि त्या हसल्या.

“सटाण्याला गेलाय म्हणं. संध्याकाळी येतोय. चला ओ, मेथी घेऊ. त्याला आवडती.”

त्या चपला घालायला दाराशी गेल्या.

“बाबा,” शुभांगीचा आवाज खाली आला, “ती बातमी...”

“हिला कालचं आज आठवत नाय, ताई. फोन काढून घेतला तर गल्लीभर विचारत सुटती.” बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली. “दोन वर्षं झाली, आमचा रोहित हिच्यासाठी रोज सकाळी नव्यानं मरत होता.”