नोहाचा शाप आणि मालकांचं नाक

सत्तर वर्षं झाली त्या गोष्टीला. मी दहा वर्षांची होते, आई आणि मी दोघी मालकांच्या दासी, आणि मालकांनी मला कार्थेज शहरातल्या गुलामांच्या बाजारात विकायचं ठरवलं होतं. त्या रविवारी धर्मगुरू मालक आणि मालकीणबाईंकडे जेवायला आले. माझी आई रोगाता डोळे पुसत वाढत होती.

"रडू नकोस गं," धर्मगुरू म्हणाले. "बायबलातला म्हातारा नोहा दारू पिऊन उघडा पडला, ते त्याच्या मुलानं पाहिलं. म्हणून नोहानं त्या मुलाच्या वंशाला दास होण्याचा शाप दिला. तुम्ही त्याच वंशातले."

"पिऊन पडला म्हातारा आणि विकायची माझी पोर?" आई म्हणाली. "बरं बाबा, हा शाप आईकडून येतो की बापाकडून?"

"बापाकडून! वंश बापाचाच असतो."

आईनं माझी हनुवटी धरून तोंड त्यांच्याकडे वळवलं. माझ्यासारखं लांब, वाकडं नाक गावात मालकांखेरीज कुणालाच नव्हतं. धर्मगुरूंच्या घशात ऑलिव्हची बी अडकली. मालकीणबाई उठून आत गेल्या.

पुढच्याच रविवारी मालकांनी मला हात धरून चर्चमध्ये नेलं आणि सगळ्यांसमोर मुक्त केलं. आपल्या घराण्याला शाप नाही, हे गावाला दिसायला हवं होतं.

आई मात्र दासीच राहिली. तिचा बाप कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.